बाबा फिरायला गेलेत

त्या बुधवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि बाबा त्याची समजूत घालत होते.

समजूत घालत होते म्हणजे खरोखरच. चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली, की माणसाला निर्जीव वस्तूंशी बोलायची सवय लागते. मुलांपेक्षा त्याच जास्त ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. "हे बघ, तुला शेवटचं सांगतोय," ते नळाला म्हणाले. नळाने ऐकलं नाही. बाबांनी पाना जरा जोरात फिरवला आणि पाण्याचा असा फवारा उडाला, की त्यांचा चष्मा, सदरा आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर एकदम न्हाऊन निघालं.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली त्यांची धाकटी मुलगी ओरडली, "अहो बाबा, वरचा कॉक बंद केलात ना?"

"तेच तर तपासत होतो," निथळत्या चष्म्याआडून बाबा शांतपणे म्हणाले. "निष्कर्ष निघाला. केला नव्हता."

धाकटी हसत सुटली आणि हसता हसताच टाइप करू लागली. तिचा एक ब्लॉग होता, 'घरातल्या घरात' नावाचा. तिथे तिने स्वतःचं नाव कधी दिलं नव्हतं. घरात तिला धाकटी म्हणत, म्हणून वाचकही धाकटीच म्हणत. ब्लॉगवर ती घरातलं काहीबाही लिहायची, पण खरा नायक होते बाबा. बाबा घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पाठीवर मार्करने 'कृती, निरीक्षण, निष्कर्ष' लिहून ठेवत, त्यावर तिने लिहिलेला लेख तर लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून जुना केला होता. लेखाखाली 'बाबांना विचारा' असं सदरही होतं. कुणी पंख्याच्या आवाजाबद्दल विचारायचं, कुणी हट्टी सासऱ्यांबद्दल. बाबा खुर्चीत डोळे मिटून उत्तरं सांगायचे, ती टाइप करायची.

नळाचा लेख तासाभरात झाला. नेहमीप्रमाणे तिने तो शुक्रवारी सकाळी सातची वेळ लावून ठेवून दिला. एकदा वेळ लावली की लेख आपोआप प्रसिद्ध व्हायचा, ऑफिसच्या घाईत आठवण ठेवायला नको.

"ऐकवतेस का?" बाबांनी विचारलं. पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत नसत. लेख तिने वाचून दाखवायचा आणि त्यांनी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायचं, ही रीतच होती.

"उद्या हं, बाबा. डोळे मिटायला लागलेत माझे."

"बरं," बाबा म्हणाले आणि नळाकडे वळले. "ऐकलंस? तुझं उद्यावर गेलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला, ती ऑफिसात पोचायच्या आत, बाबा पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले.

*

ताई आली. धाकटीपेक्षा सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात संसार असलेली, खंबीर. आई गेली तेव्हाही तिनेच सगळं निभावलं होतं. खिडकीपाशी उभी राहून ताई एकामागून एक फोन करत राहिली. "आमचे बाबा वारले. हो, काल सकाळी. झोप लागावी तसे." नातेवाईक, बाबांचे शाळेतले सोबती, धाकटीचं ऑफिस, ताईने कुणालाच सोडलं नाही. ते एक वाक्य तिने सगळ्यांच्या वाटचं म्हणून टाकलं. धाकटीवर ते म्हणायची वेळच आली नाही.

आणि शुक्रवारी सकाळी सातला, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, नळाचा लेख ठरल्याप्रमाणे प्रसिद्ध झाला.

धाकटीने तो पाहिला रविवारी. तोवर खाली पासष्ट प्रतिक्रिया जमल्या होत्या. लोक खो खो हसत होते. 'शेवटी कोण जिंकलं, नळ की बाबा?' 'बाबांना सांगा, कॅलेंडर उन्हात वाळवू नका, चुरगळतं.' आणि एक प्रश्न... 'बाबा, माझी इस्त्री कपड्याला चिकटते, काय करू?'

ती बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिली. मग तिची बोटं आपसूक चालली. 'बाळा, आधी इस्त्री गार होऊ दे. तूही हो. मग ओल्या फडक्याने पूस. — बाबा.'

एवढं टाइप करायला लागलं अर्धं मिनिट. तेवढं अर्धं मिनिट मागच्या खुर्चीत कुणीतरी डोळे मिटून बसलं होतं.

फक्त या शुक्रवारपुरतं, तिने स्वतःला बजावलं. मग पुढचा शुक्रवार आला. त्यानंतरचाही. सात महिने ब्लॉगवर बाबा बल्ब बदलत राहिले, खिडक्यांना तेल घालत राहिले, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले. ताईने भिंतीवर लावलेला बाबांचा फोटो धाकटीने उतरवून, चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला. ताईला फोनवर सांगितलं, खिळा निघाला.

*

तो आला तो शनिवारी सकाळी. बाहेर भुरभुर पाऊस होता. दारात उभं राहून त्याने आधी रेनकोट झटकला, मग बूट काढले, मग ओळखपत्र दाखवलं आणि मग बोलला. कंपनीचा मेकॅनिक इतका सभ्य असतो यावर धाकटीचा विश्वास बसेना.

"मशीन कुठे आहे?"

"बाथरूममध्ये असायला हवं," धाकटी म्हणाली. "काल कपडे पिळता पिळता दारापर्यंत आलं होतं."

"म्हणजे आधी पकडायला लागणार," तो गंभीरपणे म्हणाला. फक्त त्याचे डोळे हसले. "माहितीपुस्तिका आहे?"

"आहे. मीच लिहिलीय."

त्याने मान वर करून पाहिलं. धाकटीला सांगावंच लागलं. तिचं ऑफिस निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांच्या पुस्तिका तयार करायचं आणि धाकटी त्या लिहायची.

"म्हणजे पान सात तुमचं?" त्याने विचारलं. "'यंत्र समतल पृष्ठभागावर स्थापित करावे'? अहो, 'मशीन सपाट जागी ठेवा' एवढं लिहिलं असतंत, तर माझ्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या!"

"निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या, तर कंपनीने तुम्हाला ठेवलं असतं का?"

"हेही खरंच," तो म्हणाला. "म्हणजे इतकी वर्षं माझी नोकरी तुमच्यामुळे टिकली. आभारी आहे."

तो गुडघ्यावर बसला, मशीन फिरवून त्याने मागचे स्क्रू काढले. धाकटी दाराला टेकून बघत होती. त्याच्या बोटांना घाई नव्हती. काढलेला प्रत्येक स्क्रू तो रुमालावर ओळीने मांडत होता, परत कुठला कुठे जायचा ते कळावं म्हणून... मशीनचं झाकण त्याने उचललं, आतल्या बाजूने पाहिलं आणि थबकला.

झाकणावर बाबांच्या सरळसोट अक्षरात लिहिलं होतं: 'कृती: मागील झाकण उघडले. निरीक्षण: आवाज म्हशीसारखा, परंतु म्हैस आढळली नाही. एक मोजा आढळला. निष्कर्ष: मोजा ताईचा. तिला कळवले.'

तो आधी हसला. मग हसू थांबलं. झाकण मांडीवर ठेवून तो तिच्याकडे बघू लागला. असं, जणू पुस्तकातलं कुणीतरी उठून दाराशी येऊन उभं राहिलंय.

"तुम्ही... धाकटी?"

हो म्हणायच्या आधीच तिच्या चेहऱ्याने हो म्हणून टाकलं.

"मी पाना-पक्कड!" तो म्हणाला.

पाना-पक्कड. दर शुक्रवारी सातच्या लेखावर सात-दहाच्या आत ज्याची प्रतिक्रिया पडे तो. जो कधी बाबांशी वाद घाले, कधी त्यांची बाजू घेऊन इतर वाचकांशी भांडे. आणि तीन-चार महिन्यांपूर्वी ज्याने 'बाबांना विचारा'मध्ये लिहिलं होतं, 'कंपनी म्हणते, मशीन पाच वर्षं जुनं झालं की दुरुस्त करू नकोस, नवं घ्यायला सांग. माझ्याने ते होत नाही. स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढावंसं वाटतं. काढू का?'

त्या प्रश्नावर धाकटी दोन दिवस विचार करत होती. मग तिने उत्तर लिहिलं होतं. बाबांचं.

"आणि हा माझा कंपनीतला शेवटचा आठवडा," तो सांगत होता. त्याच्या आवाजात पहिला नंबर आलेल्या मुलाचा आनंद होता. "राजीनामा दिला! जागाही बघितली दुकानाला. सगळे नको म्हणत होते, आई तर दोन दिवस बोलली नाही. पण तुमच्या बाबांनी सांगितलं ना, मग ठरलंच. आहेत कुठे ते? पाया पडू द्या मला."

बाहेरचा पाऊस अचानक फार मोठ्याने वाजायला लागला, असं धाकटीला वाटलं.

"बाबा ना..." ती म्हणाली. "फिरायला गेलेत."

"पावसात?"

"त्यांना... आवडतं."

तो हसला. "आवडणारच! नळाशी बोलणारा माणूस पावसाला काय घाबरेल?"

दार उघडंच होतं. शेजारच्या काकू छत्री मिटत जिना चढून वर येत होत्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं आणि आपल्या दाराचं कुलूप नेहमीपेक्षा हळू उघडून आत गेल्या.

*

मशीनचा पट्टा बदलायचा होता, तो त्या दिवशी त्याच्याकडे नव्हता. म्हणून तो मंगळवारी आला. पट्टा बसवून झाल्यावर चहा घेतला. चहा संपल्यावर रिकामा कप हातात धरून बसला.

"आज तरी येतील ना?"

"आज लांब गेलेत," धाकटी म्हणाली.

"चप्पल तर इथेच आहे."

"बूट घालून गेलेत." किती चटकन येतं हे सगळं, तिच्या मनात आलं. पुस्तिका लिहिताना एक वाक्य सुचायला मला तास लागतो.

त्यानंतर यायला मशीनचं कारण उरलं नाही. मग तो पान सातचं कारण काढून आला. मग दुकानाच्या पाटीवर काय लिहावं, ते विचारायला. "माझ्याकडून 'दुरुस्ती केली जाते'च्या पुढे काही जात नाही. तुम्ही लेखिका आहात."

"मी लेखिका नाही. मी 'यंत्र स्थापित करावे' लिहिते."

"ते दिवसा. शुक्रवारी सातला लेखिका असता." मग जरा थांबून, कपाच्या कानाशी खेळत तो म्हणाला, "मला तुमचे लेख आता कसे वाटतात सांगू? राग नाही ना येणार?"

"येईल. सांगा."

"आधीच्या लेखांत बाबा सारखे काहीतरी पाडायचे. काहीतरी फोडायचे. हल्ली ते नुसते बसलेले असतात. खिडकीत ऊन येतं, तुम्ही ते ऊन बघता, बाबा कडेला बसलेले असतात..." तो ओशाळला. "वाईट नाही म्हणत मी. उलट, आधी मी बाबांसाठी वाचायचो. आता... धाकटीसाठी वाचतो."

सात महिन्यांत हजारो लोकांनी ते लेख वाचले होते. हे एवढं एकालाच दिसलं होतं आणि त्याचा अर्थ मात्र त्याला ठाऊक नव्हता. सांगून टाकावं, तिला वाटलं. आत्ता. या चहाबरोबर. वाक्य जिभेपर्यंत आलंही. पण त्याने वर पाहिलं, आणि त्याच्या नजरेत जे होतं ते तिला इतकं हवं होतं, इतकं... की वाक्य तिने चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी पाना-पक्कडची प्रतिक्रिया पडली: 'बाबांचं फिरणं कळलं. पण धाकटीचं काय? ती कधी फिरायला जात नाही का?'

ती त्याच्याबरोबर फिरायला गेली. बस थांब्यापर्यंत, मग त्याच्या पुढच्या थांब्यापर्यंत, मग तळ्याला एक पूर्ण फेरी. पाऊस आला तेव्हा दोघं एका बंद दुकानाच्या छपराखाली उभी राहिली. छप्पर इतकं अरुंद, की त्याचा डावा खांदा आणि तिचा उजवा भिजला आणि मधले दोन कोरडे राहिले, एकमेकांना टेकून. दोघांपैकी कुणीही सरकलं नाही. जागा नव्हती, असं म्हणता आलं असतं. खरं तर थोडी होती.

"रविवारी दहाला दुकान सुरू करतोय," तो पावसाकडे बघत म्हणाला. "फार लोक नाहीत. आई, दोन-चार जुनी गिऱ्हाइकं. पहिलं मशीन बाबांच्या हातून सुरू करायचं ठरवलंय. आता फिरायचं-बिरायचं ऐकणार नाही. घ्यायला येतो मी, रिक्षा घेऊन."

धाकटीने भिजलेला खांदा पुसला.

"आणि मला त्यांना आणखी एक विचारायचंय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ते... ब्लॉगवर विचारण्यासारखं नाही."

*

शनिवारी सकाळी शेजारच्या काकू आल्या. वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने. काकूंच्या घरी साखर कुणीच खात नाही, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं.

वाटी टेबलावर ठेवून त्या बाबांच्या खुर्चीसमोर बसल्या. खुर्चीत नाही, समोर.

"तुझ्या बाबांची आणि माझी ओळख बावीस वर्षांची," त्या म्हणाल्या. "माझा फ्रिज त्यांनी तीनदा दुरुस्त केला, दोनदा बिघडवला. चांगला माणूस. त्यांना चालायचा कंटाळा. भाजी आणायला जातानासुद्धा मला विचारायचे, तुम्ही जाताय का."

"काकू..."

"आणि तू त्यांना गेला दीड महिना फिरायला लावलंयस. पावसात, उन्हात. पाय दुखले असतील गं त्यांचे आता. येऊ दे की घरी."

काकूंनी हात पुढे करून तिच्या केसांवरून एकदा फिरवला आणि वाटी तिथेच विसरून निघून गेल्या.

ती लॅपटॉप उघडून बसली. लिहिणं तिला येत होतं. लिहून सगळं सांगता येतं, असंच ती आजवर समजत आली होती. तीन तास ती लिहीत होती. पहिलाच लेख, ज्यात बाबांनी काही केलं नव्हतं. लिहून झाल्यावर तिने तो फोनवर घेतला. प्रसिद्ध करायची वेळ लावली नाही. आधी एका माणसाला दाखवायचा होता.

ती पोचली तेव्हा त्याचं दुकान नव्या रंगाच्या वासाने भरलं होतं. मधोमध एक जुनं वॉशिंग मशीन पोट उघडून उभं होतं आणि तो त्यात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. भिंतीशी एक नवीकोरी वेताची खुर्ची होती. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र अंथरलेलं.

"बघा की!" तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. "बाबांसाठी. तुमच्या लेखात वाचलं होतं, हात असलेली खुर्ची लागते त्यांना."

तिने फोन पुढे केला. "हे वाचा."

"पुढच्या शुक्रवारचा लेख? वा! पण हे बघा..." त्याने एक हात बाहेर काढला, मनगटापर्यंत काळं ग्रीस. "तुम्हीच वाचून दाखवा ना."

"नको. तुम्ही हात धुवा, मी थांबते."

"दुसराही हात काढला, तर ती स्प्रिंग मला पुन्हा सापडायची नाही. वाचा हो. मला तुमच्या आवाजात ऐकायचंय, कधीपासून."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. पहिलं वाक्य चांगलं होतं. सुरेख होतं. नळापासून सुरू व्हायचं आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कुणाला काही कळू द्यायचं नाही. तिने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि तिला कळलं, की त्या तीन परिच्छेदांत ती अजून लपतेच आहे. तिने फोन पर्समध्ये टाकला.

"माझे बाबा वारले," ती म्हणाली.

मशीनच्या आत काहीतरी टण्‌कन पडलं. स्प्रिंग असावी.

"कधी?" तो धडपडत उठला. "आज? अहो, मग तुम्ही इथे काय..."

"नऊ महिने होतील आता. नळाचा लेख आला, त्याच्या आदल्या दिवशी."

तो तसाच उभा राहिला. काळे हात अंगापासून लांब धरून. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब उलगडताना तिला दिसत होता. नळ, त्यानंतरचा शुक्रवार, त्यानंतरचे सगळे शुक्रवार. आणि मग तो जिथे पोचणार होता, तिथे पोचला.

"मग मला दुकान काढ म्हणून कुणी सांगितलं?"

"मी."

तो मागच्या नळाकडे गेला. पाणी वाजत राहिलं. हात धुवायला इतका वेळ लागत नाही, ग्रीस असलं तरी. धाकटीने दाराकडे पाहिलं. जावं का? पण आजवर ती एकाच गोष्टीत तरबेज झाली होती, उत्तर देऊन निसटण्यात. ती थांबली.

तो परत आला. हातांतून पाणी गळत होतं.

"तुम्ही मला तीनदा सांगितलंत, की ते फिरायला गेलेत."

"पाचदा."

"मी नोकरी सोडली. एका माणसाच्या शब्दावर. इतकी वर्षं यंत्रं उघडलेल्या, सत्तरीच्या माणसाच्या."

"हो."

"तुम्ही धाकटी म्हणून लिहिलं असतंत, तर मी सोडली नसती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी म्हटलेलं माझंच मला खरं वाटत नाही. बाबा म्हणाले की वाटतं. म्हणून सगळं त्यांच्या तोंडी घालत गेले. तुमचं उत्तर दोन दिवस लिहीत होते मी, गंमत म्हणून नव्हतं ते. तुमच्या वर्षभराच्या प्रतिक्रिया पुन्हा वाचल्या. एका आजींचं मशीन कंपनीने भंगारात टाका म्हटल्यावर तुम्ही सुट्टीच्या दिवशी जाऊन ते नीट केलं होतंत, ते तुम्ही दुसऱ्याच कुणाला चिडवताना लिहून गेला होतात. तो माणूस कंपनीत सुकून जाईल, असं वाटलं मला. मला... बाबांना नाही."

तो वेताच्या खुर्चीकडे बघत होता. मग डोळे मिटून, पाठ असल्यासारखा म्हणाला, "'बाळा, तुझ्या बोटांना जे कळतं ते साहेबाच्या कागदाला कळणार नाही. जा, उघड.' हे सगळं तुमचं?"

"'जा, उघड' तेवढं बाबांचं. लोणच्याची बरणी असो, पार्सल असो, घट्ट बसलेली खिडकी असो, ते हेच म्हणायचे."

त्याला हसू आलं. नको असताना आलं, हे दिसतही होतं. आणि तिलाही आलं, आणि हसता हसता कधी रडू फुटलं ते तिचं तिलाच कळलं नाही. इतके महिने ती रडली नव्हती. जो माणूस नुसता फिरायला गेलाय, त्याच्यासाठी कसं रडणार?

तो जवळ आला. ओले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्याने खुर्चीवरचं वर्तमानपत्र काढलं, तिला तिथे बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसला.

"मला राग आलाय," तो म्हणाला. "सांगून ठेवतो. दोन-चार दिवस राहील."

"राहू दे."

"पण उद्या दहाला यायचं. उत्तर तुमचं होतं ना? मग पहिलं मशीन तुम्हीच सुरू करायचं. बिघडलं तर तुमच्या नावावर."

तिने मान हलवली. बाहेर पावसाची एक सर येऊन गेली असावी. रस्त्यावरून गेलेल्या सायकलच्या चाकांचा ओला आवाज आत आला. तो तिच्या पायाशी बसून बोटांवरचं उरलंसुरलं ग्रीस नखाने खरवडत होता.

"आणि तो दुसरा प्रश्न?" तिने विचारलं. "ब्लॉगवर न विचारण्यासारखा?"

"तो बाबांना होता."

"बाबा नाहीत," ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना ते तेवढंच दुखलं, पण आवाज नीट निघाला. "आणि त्यांच्या वतीने मी आता काही बोलणार नाही."

"मग?" त्याने वर पाहिलं. कान पुन्हा लाल. "मग मी कुणाला..."

त्याचं वाक्य संपायची वाट तिने पाहिली नाही. इतके दिवस प्रत्येक वाक्य आधी लिहून, खोडून, दुसऱ्याच्या तोंडी देऊन मग बाहेर सोडणाऱ्या धाकटीने हे वाक्य कुठेही लिहिलं नव्हतं.

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "फार आवडता. हे मी म्हणतेय."